पुस्तकातली प्रार्थना

माझं माहेर पुण्याच्या गुरुवार पेठेतलं, पंचहौद मिशनच्या मनोऱ्याच्या सावलीतलं. म्हणजे अँग्लिकन, इंग्लंडच्या चर्चच्या वळणाचं, छापील पुस्तकातून प्रार्थना करणारं. सासर नगरचं, अमेरिकन मिशनचं, आपल्याच शब्दांत प्रार्थना करणारं. १९७० साली या दोन्ही मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एक झाल्या, पण ते बिशपांपुरतं आणि घटनेपुरतं. आमच्या जेवणाच्या टेबलावर अजून दोन मिशनं बसतात.

सासूबाई डोळे मिटून प्रार्थनेला लागल्या की पाहुण्यांच्या गुडघेदुखीपासून शेजारच्या मुलाच्या दहावीपर्यंत सगळं देवाच्या कानावर घालतात. तोवर वरण गार. माझ्यावर पाळी आली की मी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही येशूने शिकवलेली, ठरलेली प्रार्थना म्हणून मोकळी होते. पुस्तकातून प्रार्थना करणं म्हणजे दुसऱ्याचं पत्र आपलं म्हणून वाचून दाखवणं, असं सासूबाईंचं मत. मला ते कधीच पटलं नाही.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीत सुरुवातीलाच आमची एक छोटी प्रार्थना आहे. सगळी अंतःकरणं देवापुढे उघडी आहेत, सगळ्या इच्छा त्याला ठाऊक आहेत, कुठलंच गुपित त्याच्यापासून लपत नाही. तर त्यानेच आमच्या मनातले विचार शुद्ध करावेत, एवढंच मागणं. ही मुळात मंडळीची प्रार्थना नव्हतीच. धर्मसुधारणेच्या आधी, म्हणजे इंग्लंडचं चर्च रोमपासून वेगळं होण्याआधी, तिथला पुरोहित उपासनेची तयारी करताना ती लॅटिनमध्ये स्वतःपुरती म्हणायचा. कँटरबरीचे आर्चबिशप क्रॅनमर यांनी १५४९ च्या पहिल्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात ती खाजगीतून उचलली आणि सार्वजनिक विधीत आणली. आता आम्ही सगळे मिळून म्हणतो. सासूबाईंना मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तो पुरोहित तरी मनाने करत होता, की पाठ?" पाठच करत होता. मी विषय बदलला.

पण माझा खरा मुद्दा स्तोत्रांचा आहे. त्याच पुस्तकाच्या १६६२ च्या आवृत्तीत बायबलमधल्या स्तोत्रसंहितेची १५० स्तोत्रं महिन्याच्या ३० दिवसांत, सकाळ-संध्याकाळ अशी वाटून दिली आहेत. तारीख बघायची आणि वाचायचं. तुमचं मन कसं आहे हे कुणी विचारत नाही. १५ तारखेच्या संध्याकाळी ७८वं स्तोत्र येतं. ७० च्या वर वचनं, इस्राएलाचा सगळा इतिहास. ते वाचताना माझं लक्ष दर वेळी भटकतं आणि त्याबद्दल मला फारसं वाईटही वाटत नाही. १७ च्या सकाळी ८८वं.

बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण खाटेशेजारी उभा राहून प्रार्थना करायचा. प्रेमानेच. आणि प्रत्येक प्रार्थना "तू यांना पूर्ण बरं करशील असा आमचा भरवसा आहे" इथे येऊन थांबायची. मी आमेन म्हणायचे. डॉक्टरांनी आम्हाला काय सांगितलंय ते मला माहीत होतं. त्यात १७ तारीख आली. बाकीची बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, देवाची स्तुती करतात. हे वळत नाही. रात्रंदिवस हाक मारतोय, तू तोंड का लपवतोस, असं विचारत ते अंधारातच संपतं. मी ते बाबांना ऐकू जाईल इतक्या आवाजात वाचलं. त्यांनी मान हलवली. माझ्या शब्दांत देवाशी असं बोलायची माझी हिंमत झाली नसती. एवढा उद्धटपणा करायला मला पुस्तकच लागलं.

आमचे पाळकसाहेब बुधवारी देवळात सायंप्रार्थना घेतात. जुन्या प्रार्थनापुस्तकाचा नियमच आहे: पाळकाने सकाळ-संध्याकाळची प्रार्थना रोज करायची, चारचौघांत नाहीतर एकट्याने, आणि देवळात केली तर आधी घंटा वाजवायची, म्हणजे ज्यांना यायचंय ते येतील. येतो आम्ही तिघं-चौघं. पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, 'आम्ही' म्हणून द्यायची असते: करायला हवं होतं ते केलं नाही, करू नये ते केलं. नेमकं काय, हे कुणी सांगायचं नसतं. त्या आठवड्यातलं माझं मला माहीत असतं.

मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत आजाऱ्यांची पाळी आली की पाळकसाहेब थांबतात आणि आपण मनातल्या मनात नावं घ्यायची. हल्ली सासूबाईही बरोबर येतात. त्या मनातल्या मनात घेत नाहीत. नाव, आजार, कुठल्या दवाखान्यात, मुलगा बघतो की नाही, सगळं. पाळकसाहेब पान उलटायला हात लावतात आणि पुन्हा काढून घेतात.

शेवटी दोघं-तिघं जमतील तिथल्या विनंत्या ऐकण्याच्या वचनाची प्रार्थना असते. त्या विनंत्या, आमच्या हिताच्या असतील तशा, पूर्ण कर असं त्यात म्हटलंय. सासूबाईंचा त्या 'हिताच्या'वर आक्षेप आहे. "गुडघा बरा कर, असं सरळ का म्हणत नाही?" रिक्षात बसताना त्यांनी विचारलं. म्हटलं, तुम्ही म्हणालात की मघाशी, दोन्ही गुडघ्यांचं.

"तिसरा आहे," त्या म्हणाल्या. "पाळकसाहेबांचा. तोही दुखतो, ते सांगत नाहीत."