गुलाब्याच्या कल्ल्यावरचा कापूस

गुलाब्या म्हणजे आमचा ॲक्सोलॉटल, बेडकाच्या गोतावळ्यातला, पण जन्मभर पाण्यातच राहणारा, डोक्याबाहेर झालरीसारखे कल्ले असलेला चार पायांचा प्राणी. याची जात मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या गार पाण्यातली, आणि हा नशिबानं आला लातुरात. आजी त्याला 'पायाची मासळी' म्हणते.

मार्चअखेरीस एका सकाळी त्याच्या डाव्या कल्ल्यावर पांढरा कापूस दिसला. दोन दिवसांत पाठीवरही एक पुंजका. गांडूळ तोंडाशी धरलं तरी मान फिरवायचा. शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलेलं. दुकानदारानं माशांच्या बुरशीचं हिरवं औषध दिलं. घरी येऊन बाटलीवरचं वाचलं, तर मॅलाकाइट ग्रीन! बेडकासारखी याची कातडी सगळं शोषून घेते, त्यामुळे त्याला ते विषच. बाटली अजून सीलबंद आहे.

मग जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हशीला सलाइन लावत होते. फोटो पाहून आधी हसले, मग म्हणाले, "मलम-बिलम चोळू नका. पाणी किती गरम आहे ते बघा." टाकीत थर्मामीटर टाकला, २८ अंश! याला लागतात १६ ते १८. बुरशीचे बीजाणू पाण्यात असतातच, पण जीव उकाड्यानं खंगला की ते कातडीवर बसतात. मी मात्र आठवडाभर नुसता कापूस बघत बसलो होतो.

त्याला डब्यात हलवलं. रोज दहा लिटर ताजं पाणी, त्यातलं क्लोरीन काढून टाकलेलं. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथं एका मासळीसाठी दहा लिटर! आजीनं काही दिवस अबोलाच धरला.

मिठाची आंघोळ सगळ्यात अवघड गेली. आयोडीन नसलेलं खडे मीठ पशुखाद्याच्या दुकानात सापडलं. लिटरला दोन चहाचे चमचे, घड्याळ लावून दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. त्याहून जास्त ठेवलं तर कल्लेच जळतात. पहिल्या दिवशी तो एवढा तडफडला की मी चौथ्याच मिनिटाला बाहेर काढला. (उरलेलं मिठाचं पाणी आजी तुळशीला घालायला निघाली होती. वेळेवर धरली.)

आंघोळ झाली की फ्रिजमध्ये. थंडीत बुरशीची वाढ मंदावते. पण आधी हळूहळू गार करत न्यायचं, एकदम नाही. आईनं खालचा कप्पा दिला, तोही मोठ्या मनानं नव्हे. मेथीची जुडी, दह्याचं भांडं आणि मधे चिठ्ठी लावलेला डबा : 'गुलाब्या. उघडू नये.'

तोवर टाकीचा बंदोबस्त केला. काचेला ओलं पोतं गुंडाळलं, वरून पंखा, अगदी माठासारखं. तेवढ्यानं चार अंश उतरले. बाकीचं काम बर्फाच्या बाटल्या आलटून-पालटून. लाइट गेली की माझ्याच पोटात गोळा.

पाचव्या दिवशी कापूस गळून पाण्यात पडला. खाली कल्ल्याची झालर विरळ झालेली, पण लाल. आठव्या दिवशी त्यानं अर्धं गांडूळ ओढलं. मी ओरडलो तशी आजी धावत आली.

"खाल्लं का लेकरानं?" तिनं वाकून पाहिलं. "बरं झालं. आता माझं दही वरच्या कप्प्यात ठेव."