ऑफिस दुबईत, काम रियाधला

लिंक्डइनवर अधूनमधून मेसेज येतच असतात, ताई मी पुण्याच्या सीओईपी इंजिनियरिंग कॉलेजचा, आत्ता बाहेर एमबीए करतोय, कन्सल्टिंगची मिडल ईस्टची ऑफर आलीय, घेऊ का. प्रत्येकाला वेगळं टाइप करायचा आता कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. माझं बॅकग्राउंड म्हणजे काही वर्षं हिंजवडीत आयटी, मग फ्रान्समध्ये इन्सिआड या बिझनेस स्कूलमधून एमबीए, आणि तिथूनच थेट दुबई. कंपन्यांना आणि सरकारांना सल्ला देणाऱ्या माझ्या कन्सल्टिंग फर्मचं नाव लिहिणार नाही, कृपया कमेंटमध्ये ओळखायचा खेळ खेळू नका.

तर सगळ्यात आधी हे विचारा की प्रोजेक्ट कुठे असतात. ऑफिस कुठे आहे ते विचारू नका, ते ऑफर लेटरवर लिहिलेलंच असतं. माझ्या लेटरवर दुबई होतं आणि घर खरंच दुबईत आहे पण आठवड्यातल्या बहुतेक रात्री मी रियाधच्या हॉटेलात झोपते. आमच्या बॅचमधून जे जे इकडे आले त्यातल्या बऱ्याच जणांचं हेच आहे.

आणि यात एक असा पेच आहे की जो कुठल्याही प्रेझेंटेशनमध्ये कोणी सांगत नाही. सौदीत कामाचा आठवडा रविवार ते गुरुवार, सुट्टी शुक्रवार-शनिवार. यूएईने २०२२च्या जानेवारीत सरकारी सुट्टी बदलून शनिवार-रविवार केली, शुक्रवारी अर्धा दिवस, आणि बहुतेक प्रायव्हेट कंपन्याही त्याच मार्गाने गेल्या. म्हणजे मी रविवारी पहाटे विमानात असते तेव्हा नवरा घरी गाढ झोपलेला असतो, आणि शुक्रवारी मी घरी मोकळी असते तेव्हा तो ऑफिसात. उरला एक शनिवार, त्यात किराणा, लॉन्ड्री, आईबाबांचा व्हिडिओ कॉल आणि कोणाच्यातरी मुलाचा वाढदिवस. फ्लाइट साधारण दोन तासांचीच आहे, त्याचा त्रास नाही. पण कॅलेंडरच जुळत नसेल तर अंतर कमी असून उपयोग काय.

आता काम रियाधलाच का, तर पैसा तिथे आहे. २०१६ला व्हिजन २०३०, म्हणजे सौदीची तेलावरचं अवलंबित्व कमी करायची योजना, जाहीर झाली तेव्हापासून प्रत्येक मंत्रालयाला स्ट्रॅटेजी हवी, ऑपरेटिंग मॉडेल हवं, केपीआय म्हणजे कामगिरी मोजायचे आकडे हवेत, आणि ते सगळं वेळेत होतंय का ते बघायला पीएमओ म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस हवं. त्यात २०२४च्या १ जानेवारीपासून नियम आला की ज्या परदेशी कंपनीचं रीजनल हेडक्वार्टर सौदीत नाही तिला सरकारी कॉन्ट्रॅक्ट मिळणं अवघड, काही अपवाद सोडले तर. त्यामुळे मोठमोठ्या कंपन्या तिकडे बस्तान हलवतायत आणि दुबई हळूहळू आमच्यासारख्यांचं फक्त राहायचं ठिकाण होत चाललंय.

इन्सिआडचा कोर्स दहाच महिन्यांचा, आणि फॉन्तेनब्लोमधल्या कॅम्पसवरचे सुरुवातीचे महिने तर केसच्या, म्हणजे कन्सल्टिंगच्या इंटरव्ह्यूत सोडवायला देतात त्या धंद्याच्या कोड्यांच्या, प्रॅक्टिसमध्येच गेले, कॉफी चेनचा नफा का घटला, सिमेंट कंपनीने नवीन देशात जावं का, जेवताना केस, ट्रेनमध्ये केस. मग इकडे आले तर पहिला क्लायंट सरकारी खातं. नफा हा शब्दच नाही! तिथे प्रश्न असा की अमुक काम या खात्याचं की त्या खात्याचं, आणि दोघांनाही ते हवंय किंवा दोघांनाही ते नकोय. सांगलीला तलाठी कचेरीत ज्याने कधी सातबाऱ्यासाठी खेटे घातलेत त्याला हे काम हार्वर्डवाल्यापेक्षा लवकर समजेल असं माझं प्रामाणिक मत आहे.

पहिलं वर्षभर मी मुख्यतः दोन कामं केली. एक म्हणजे डेटा गोळा करणं, म्हणजे ईमेल टाकून गप्प बसायचं नाही, कारण ईमेलला उत्तर येत नाही. त्या माणसाच्या टेबलाशी जायचं, गहवा म्हणजे अरबी कॉफी घ्यायची, खजूर खायचा, घरचे कसे आहेत विचारायचं, आणि मग तो स्वतःच म्हणतो की तुला ती फाइल हवी होती ना. बिझनेस स्कूलमध्ये डोक्यात ठोकून बसवलेलं असतं की उत्तर आधी सांगा, कारणं नंतर. फर्मच्या पार्टनरसमोर, म्हणजे आमच्या मोठ्या साहेबांसमोर, ते चालतं, सरकारी खात्यात नाही. मराठी घरात वाढलेल्या माणसाला खरंतर हे सोपं जायला हवं, चहा झाल्याशिवाय आपल्याकडे तरी कोण कामाचं बोलतं, पण दहा महिने उलटं शिकल्यावर ते परत अंगात यायला वेळ लागतो.

दुसरं काम डेक, म्हणजे प्रेझेंटेशनच्या स्लाइड्स. आणि डेक म्हणजे इंग्रजी डेक झाला की संपलं असं नाही, खात्यातल्या मोठ्या साहेबांसाठी तोच अरबीत लागतो. अरबी उजवीकडून डावीकडे, त्यामुळे नुसतं भाषांतर करून भागत नाही, बाण उलटे, टाइमलाइन उलटी, टेबलचे कॉलम उलटे. रात्री एक वाजता मला अक्षरही वाचता येत नसलेल्या स्लाइडवर बाण फिरवत बसले आहे आणि शेजारी सौदी ज्युनियर मुलगी सांगतेय की हा राहिला, तो पण राहिला.

अशा सौदी मुलींबद्दल लिहायलाच हवं कारण बाई म्हणून तिकडे कसं वाटतं हा प्रश्न आईपासून सगळ्यांनी विचारलाय. मी अबाया, म्हणजे अंगभर सैल झगा, घालत नाही, परदेशी बायकांना सक्ती नाहीये, मीटिंगला लांब बाह्यांचा सैल ड्रेस पुरतो. बायकांना गाडी चालवायची परवानगी २०१८च्या जूनमध्ये मिळाली, आणि नोकरी करणाऱ्या बायकांचं प्रमाण २०३०पर्यंत ३० टक्क्यांवर न्यायचं जे टार्गेट होतं ते कितीतरी आधीच ओलांडलं. माझ्या क्लायंट टीममधल्या सगळ्यात तयारीच्या, सगळ्यात कडक प्रश्न विचारणाऱ्या कोण असतील तर याच, पंचविशीतल्या.

रमजानमध्ये दिवसाचे तास कमी होतात आणि मीटिंगा रात्री दहाला लागतात. हे इतकंच, सवय होते.

पैशांचं. हो, इन्कम टॅक्स नाही, आणि लाखभर युरोच्या फीचं कर्ज डोक्यावर असेल तर हे फार मोठं आहे. पण दुबईत भाडं महिन्याचं महिन्याला देता येईलच असं नाही, घरमालक वर्षाचे एक, दोन किंवा चार पोस्ट डेटेड चेक मागतो, वर डिपॉझिट आणि एजंटचं कमिशन. चेकबुक मिळायला एमिरेट्स आयडी, म्हणजे यूएईचं ओळखपत्र, लागतो, तो येईपर्यंत तुम्ही हॉटेलात. म्हणून जॉइनिंग बोनस कधी मिळणार, पहिल्या पगाराआधी की नंतर, हे लेखी घ्या. पीएफ नाही, त्याच्या जागी ग्रॅच्युइटी, पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा बेसिक म्हणजे मूळ पगार. आणि एकूण पगाराच्या मानाने ही बेसिक किती लहान ठेवलीय ते नीट बघा.

धोका एकच आणि मोठा, गिऱ्हाईक जवळपास एकच आहे, सौदी सरकार. तेलाचा भाव घसरला की एखादा भव्य प्रोजेक्ट पुढे ढकलतात आणि दोन आठवड्यांत अख्खी टीम रिकामी होते. व्हिसा नोकरीला बांधलेला. तरी लोक येतात कारण बाकीची दारं अरुंद झालीत, पॅरिस ऑफिसला अस्खलित फ्रेंच लागतं, अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी वर्षाला ८५ हजार जागांची, त्यात २०२५च्या सप्टेंबरपासून देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरची फी. इथे कोणी भाषा विचारत नाही, लॉटरी नाही, चांगलं काम केलं की दुसऱ्या वर्षीच डेप्युटी मिनिस्टरसमोर बसता येतं. लंडनमधल्या माझ्या बॅचमेटला अजून क्लायंटच्या मोठ्या मीटिंगमध्ये मागच्या खुर्चीवर बसवतात.

सध्या माझं मॅनेजर व्हायचं चाललंय आणि फर्म हळूच सुचवतेय की आता रियाधलाच शिफ्ट हो. मेट्रो पण सुरू झालीय तिकडे, म्हणे. नवरा म्हणतो त्याची नोकरी कोण शिफ्ट करणार. या शनिवारी बोलू म्हणालोय, मागच्या शनिवारी पण तेच म्हणालो होतो.