प्रोजेक्ट सीझर आणि माझा 1337 चा दख्खन: कामाची नोंद

मार्च 2024

28 फेब्रुवारीला, बुधवारी, योहान अँडरसनने आपल्या नव्या, राज्य चालवायच्या संगणक-खेळाच्या कामाची पहिली नोंद, ‘टिंटो टॉक्स’, टाकली आणि तेव्हापासून दुसरं काही खेळण्यात माझं मन लागत नाही. खेळाचं नाव सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलंय, म्हणायचं फक्त ‘प्रोजेक्ट सीझर’. पण मंडळी, 2000 साली आलेल्या पहिल्या युरोपा युनिव्हर्सालिसपासून (ईयू) या मालिकेत असलेला माणूस, तिचा चौथा खेळ ईयू 4 सांभाळणारा स्पेनमधल्या सिट्जेसचा ‘पॅराडॉक्स टिंटो’ स्टुडिओ, आणि दर बुधवारी नकाशा नि लोकसंख्या यांवर पानंच्या पानं. हा ईयू 5 नसेल तर दुसरा कुठला असणार?

सध्या सगळा वाद सुरुवातीच्या तारखेवर आहे. ईयू 4 सुरू होतो 11 नोव्हेंबर 1444 ला, वार्नाच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी. नव्यात काय? काही जण 1444 च धरून बसलेत, काही 1356 म्हणतात, आणि बरेच जण 1337, म्हणजे इंग्लंड-फ्रान्सच्या शंभर वर्षांच्या युद्धाचं तोंड. माझं मत 1337 ला. लोकसंख्या खरोखर माणसांत मोजायची असेल, तर काळी महामारी खेळात हवीच. ती माणसं मरताना, शेतं ओस पडताना दिसली पाहिजेत, आणि 1347 ला युरोपात पोचलेली साथ दाखवायची तर खेळ तिच्या आधी सुरू व्हायला हवा.

हा अंदाज खरा निघाला तर आपल्याकडचा नकाशा साफ बदलतो. ईयू 4 मध्ये आपण डोळे उघडतो तेव्हा दख्खनवर बहमनी तयार बसलेले असतात. मराठी राज्य पाहिजे तर त्यांच्या पोटातून काढायचं. 1337 मध्ये बहमनी नाहीतच! ते येणार 1347 ला. म्हणून ठरवलंय, खेळ यायच्या आधी 1337 चा दख्खन स्वतः काढायचा. हाताने, ट्रेसिंग पेपरवर.

एप्रिल 2024

मामाने शाळेतला जुना ॲटलास दिला. महाराष्ट्राचं पान, त्यावर ट्रेसिंग पेपर, चार कोपऱ्यांना चिकटपट्टी. आधी नद्या काढल्या: गोदावरी, भीमा, कृष्णा, तापी. मग सह्याद्रीची धार, एचबी पेन्सिलने, आडव्या रेघोट्यांनी.

या महिन्यात सगळ्यात जास्त घोळवली ती ‘कंट्रोल’ची गोष्ट. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. राजधानीपासून जागा जितकी लांब, तितका तिथला ताबा ढिला, आणि ताबा ढिला म्हणजे कर कमी, माणसं कमी. रस्ता, नदी, समुद्र असेल तर लांबचं जवळ येतं. डोंगर आडवा आला की जवळचंही लांब जातं. ईयू 4 मध्ये एकदा प्रांत कोअर केला, म्हणजे कायमचा आपला करून राज्यात घेतला, की दिल्लीशेजारचा आणि दौलताबादचा यांत फारसा फरक उरत नाही. आणि वर ते माना पॉइंट, प्रशासन, मुत्सद्देगिरी आणि लष्कर असे तीन डबे, ज्यांतून सगळं विकत घ्यायचं. इथे माना नाही, हे वाचून मी खुर्चीवरून उठून घरात एक चक्कर मारली.

आता दिल्लीवरून बघा. दिल्ली ते दौलताबाद सरळ रेषेत हजारएक किलोमीटर. मध्ये विंध्य, नर्मदा, सातपुडा, तापी. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली, तिला दौलताबाद नाव दिलं. शाळेत आपल्याला हा वेडेपणा म्हणून शिकवलं गेलं. पण या खेळाच्या हिशोबाने बघितलं तर त्याचा प्रश्न अगदी खरा होता: दक्षिण जिंकली, पण तिथला ताबा दिल्लीतून राहत नाही. त्याने राजधानीच सरकवली, तर मग उत्तर ढिली पडली. दोन्हीकडे पुरेल अशी जागाच नव्हती. एखाद्या खेळाचा नियम वाचून सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाची अडचण समजावी, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं.

मे 2024

शुक्रवार, 10 मे. ‘टिंटो मॅप्स’, म्हणजे खेळातल्या एकेका प्रदेशाचे नकाशे, सुरू झाले, पहिला मान नेदरलँड्स-बेल्जियमच्या पट्ट्याला. सुरुवात 1 एप्रिल 1337. नागपूरच्या मित्राला लगेच फोन केला. तो 1444 वाला. म्हणाला, “अरे, ठीक आहे, पण मग आपण खेळायचं कोण म्हणून?”

प्रश्न बरोबर आहे आणि त्यावरच महिनाभर काम चाललंय. देवगिरीचे यादव संपले 1318 च्या आसपास, हरपालदेवाच्या वधाबरोबर. वरंगळचे काकतीय 1323 ला गेले. खाली होयसळ तिसरा बल्लाळ अजून टिकून आहे, विजयनगर 1336 चं, म्हणजे खेळाच्या सुरुवातीला जेमतेम वर्षाचं. मदुराई 1335 ला दिल्लीपासून तुटलेलं, बंगाल 1338 ला तुटणार. सगळीकडून दिल्ली उसवतेय आणि मधोमध दौलताबाद अजून तिच्या हातात.

मराठी मुलखात उरले ते डोंगरातले छोटे राजे आणि सरदार. साल्हेर-मुल्हेरचे बागुल. जव्हारचे मुकणे, ज्यांना दिल्लीने राजा म्हणून मान्यता दिली ती 1343 मध्ये, खेळ सुरू झाल्यावर सहा वर्षांनी. आणि कोंढाणा. 1328 च्या सुमारास तुघलकाच्या फौजेने वेढा घातला, तेव्हा नाग नायक या कोळी सरदाराने गड आठ महिने लढवला. तुघलक स्वतः या बाजूला उतरलेला असताना आठ महिने! तेव्हा माझं म्हणणं असं, की घाटमाथा दिल्लीच्या रंगात सरसकट रंगवणं चूक आहे. रंग दिल्लीचा द्या, पण ताबा शून्याजवळ ठेवा.

ऑगस्ट 2024

पावसाळ्यात काम मंदावलं. ट्रेसिंग पेपर दमट होऊन फुगला आणि पूर्वेकडचं पान पश्चिमेच्या पानाला भीमेवर जुळेना. नदी दोन मिलिमीटर वर चढलेली. पूर्व बाजू पुसून परत काढली. या वेळी आधी पेपर तासभर इस्त्रीच्या कपड्यांखाली दाबून ठेवला. नवशिक्यांनी हे करावंच.

जानेवारी 2025

आता घाट. मला वाटतं, दख्खनच्या खेळाची किल्ली इथेच असेल. कोकणातली बंदरं (ठाणे, चौल, दाभोळ) समुद्रामुळे एकमेकांना जवळची, पण वरच्या देशाला लांबची. जो नाणेघाट, बोरघाट, थळघाट धरेल त्याच्याकडे जुन्नरचा बाजार आणि कोकणचा माल दोन्ही. म्हणून नकाशावर घाटांना वेगळं चिन्ह दिलं: दोन छोटे त्रिकोण आणि मध्ये फट. आत्तापर्यंत अकरा घाट बसवले. नाणेघाटाची फट तीनदा पुसली, कारण जुन्नरकडून येणारी वाट माझ्या पहिल्या रेषेपेक्षा जरा उत्तरेला उतरते. शेवटी सुईच्या टोकाने भोक पाडून जागा पक्की केली आणि मग पेन्सिल लावली.

‘टिंटो मॅप्स’च्या नकाशांवर स्टुडिओवाले खेळाडूंकडून दुरुस्त्या मागवतात, संदर्भासकट. मीही माझ्या घाटांच्या आणि कोंढाण्याच्या नोंदी इंग्रजीत नीट लिहून पाठवल्या. मराठी नावांच्या वाचकांसाठी उच्चारही दिले, ‘ळ’ कसा वाचायचा ते वेगळं सांगितलं.

अजून एक मागणी मनात आहे. काळी महामारी खेळात असेल, तर 1396 ते 1407 चा दुर्गादेवीचा दुष्काळही दख्खनसाठी असावा. त्या वर्षांत गावंच्या गावं उठली. लोकसंख्या मोजणाऱ्या खेळात हे दिसलं नाही तर पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा दख्खन आहे त्यापेक्षा भरलेला वाटेल.

9 मे 2025

काल, गुरुवारी, नाव आलं. युरोपा युनिव्हर्सालिस 5. ट्रेलर चार वेळा बघितला.

आता प्रकाशनाच्या तारखेचे तर्क सुरू झालेत, तेव्हा माझाही हिशोब मांडतो. ईयू 4 ची घोषणा ऑगस्ट 2012 ला झाली, खेळ 13 ऑगस्ट 2013 ला आला: एक वर्ष. पॅराडॉक्सच्याच क्रूसेडर किंग्ज 3 ची घोषणा 19 ऑक्टोबर 2019, खेळ 1 सप्टेंबर 2020: साडेदहा महिने. त्यांचाच व्हिक्टोरिया 3 मे 2021 मध्ये जाहीर झाला, आला 25 ऑक्टोबर 2022 ला, सतरा महिने लागले. पण या तिन्हींत आधी नाव आलं आणि मग आतलं काम दाखवलं. इथे उलटं झालंय. चौदा महिने आतलं सगळं दाखवून झालं, आणि मग नाव. म्हणजे जो वेळ एरवी घोषणेनंतर जातो तो घोषणेआधीच गेलाय. माझा अंदाज: सहा ते आठ महिने. दिवाळी ते जानेवारी. मित्र म्हणतो पुढचा उन्हाळा. लिहून ठेवलंय, तारीख आणि दोघांच्या सह्या.

नकाशाची आजची स्थिती: नद्या पूर्ण. सह्याद्री पूर्ण. घाट चौदा झाले. बागलाण, जव्हार, कोंढाणा जागेवर. दौलताबादभोवती दिल्लीचा रंग भरलाय, पण फक्त गोदावरीच्या काठाने गडद, घाटाकडे जाताना पेन्सिल हलकी हलकी करत आणली आहे. विदर्भ जवळजवळ कोरा आहे, गोंडांच्या मुलखाबद्दल कोणाकडे चांगला संदर्भ असेल तर सांगा. रविवारी चौल ते दाभोळचा किनारा घ्यायचाय, खाड्या मोजून.