तांबटाच्या ठेक्यावर चालणं : फेब्रुवारीची नोंद

अँजिओप्लास्टीनंतर फिजिओताईंनी चालण्याचं वेळापत्रक दिलं, तेव्हा यात पक्षिनिरीक्षण बसायचं नाही असंच वाटलं होतं. आपण दर झाडाखाली थांबणारी माणसं, आणि हृदयाला हवं सलग चालणं. शिवाय दुर्बीण धरून हात वर ठेवले की पायांच्या कष्टापेक्षा नाडी आणि रक्तदाब लवकर चढतात. म्हणून आता जाताना फक्त कानाने पक्षी टिपतो. दुर्बीण बाहेर निघते ती परतीच्या शेवटच्या टप्प्यात. वेग तेव्हा उतरवायचाच असतो.

कानाच्या कामात तांबट या छोट्या पक्ष्याने कमाल केली. त्याचं टुक-टुक मिनिटाला शंभराच्या वर जातं, आणि मध्यम वेगाचं चालणंही साधारण शंभर पावलांचंच! सुरुवातीला दोन टुकांना एक पाऊल टाकायचो. मग सपाटीवर थोडा वेळ टुकाला पाऊल, पुन्हा निम्मा ठेका. या महिन्यात पुण्यातल्या पाषाण तलावाच्या कडेने बराच पल्ला पुऱ्या ठेक्यात जमतोय. पहिला गप्प झाला की पलीकडच्या झाडावरून दुसरा सुरू करतो, आणि पुढचं वळण कधी आलं ते कळतही नाही. याआधी घड्याळ बघत मैदानाला घातलेल्या फेऱ्यांचा मला मनापासून कंटाळा होता.

परवा परतताना निष्पर्ण फांदीच्या टोकावर एक नीट दिसला. लाल कपाळ, पिवळा गळा. चोच मिटलेलीच, दर टुकाला गळा फुगतोय आणि मान इकडून तिकडे वळतेय. आवाजाची दिशा का चकवते ते तेव्हा पटलं.

माझ्यासारखं मेटोप्रोलॉल (नाडी मंद ठेवणारं औषध) चालू असेल तर घड्याळातल्या नाडीवर विसंबू नका, ती गोळीमुळे कमीच दिसते. मी बोर्गच्या, म्हणजे कष्ट किती वाटतात ते आपणच सांगायच्या, ६ ते २० या पट्टीवर ११ ते १३ मध्ये राहतो, म्हणजे सोबत्याशी बोलता यावं इतपतच दम. छातीत दडपण वाटलं तर ठेका गेला उडत, तिथेच बसायचं. सॉर्बिट्रेट, म्हणजे अशा वेळी जिभेखाली ठेवायची गोळी, दुर्बिणीच्या पिशवीत नाही, शर्टाच्या खिशात असते.

वेताळ टेकडीचा चढ स्ट्रेस टेस्ट झाल्यावर, डॉक्टर हो म्हणाले तरच. तोवर हिवाळी पाहुणे धोबी पक्षी परत जायच्या आत तलावाची यादी पुरी करायची आहे.