वाफसा नाही आला अजून

परवा रविवारी सायकलवर बोपदेव घाट चढून सासवडला गेलो, मिसळ सांगितली, आणि ती येईपर्यंत परत तोच विषय निघाला. चिखल. दीड महिना झाला आता त्याला, मधे दिवाळी येऊन गेली, फराळ संपला, लोकांचे किलो-दोन किलो वाढले, पण आमच्या टेबलावर चिखल काही वाळत नाहीये.

झालं असं होतं की सायकल क्लबातल्या आम्ही सात जणांनी ऑक्टोबरात एका ग्रॅव्हल रेसला नावं दिली होती. ग्रॅव्हल म्हणजे धड डांबरी नाही आणि धड डोंगरातलंही नाही, शेतरस्ते, मुरमाचे रस्ते, कालव्याकडेच्या वाटा असलं सगळं. नीरा डाव्या कालव्याचा पट्टा, दोन्ही बाजूला ऊस, 80 किलोमीटर, फी 1500 रुपये, टीशर्ट आणि मेडल त्यातच. आठवडाभर आधी आमच्यातले दोघं जाऊन रस्ता बघून आले होते, पापडासारखा खडखडीत आहे म्हणाले, फोटोपण टाकले. आणि रेसच्या आदल्या संध्याकाळी परतीचा पाऊस आला. दीड तास नुसता ओतत होता. लॉजच्या खिडकीतून बघत आमचे सीए साहेब म्हणाले, "बरं झालं, धूळ बसेल." हे वाक्य त्यांना आम्ही अजून रोज ऐकवतो.

पहिले तीस किलोमीटर खरंच मस्त गेले. मुरूम पाणी पिऊन घट्ट होतो, टायर धरून चालतात, वारा गार, कालव्याला पाणी, मला तर वाटायला लागलं की आपण उगाच डांबरीवर आयुष्य घालवलं. मग कालवा सोडून रूट डावीकडे शिवारात वळला आणि मुरूम संपला.

सगळ्यात आधी बदलला तो आवाज. इतका वेळ टायरखाली करकर वाजत होतं ते बंद झालं आणि च्यप् च्यप् सुरू झालं, मग तेही बंद. खाली बघितलं तर माझा चाळीस मिलिमीटरचा टायर साठचा झालेला. काळी माती चाकाला नुसती लागत नाही हो, ती थरावर थर चढवत जाते, आणि वाटेत उसाचं पाचट पडलेलं ते मधे मधे गुंडाळून घेते, म्हणजे जुन्या घरांच्या भिंतींना मातीत भुसा कालवायचे ना, डिट्टो तसं मटेरियल माझ्या पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या फटीत तयार होत होतं. बोटानं उकरून निघेना. चाक फिरायचं थांबलं, मी थांबलो, पाय खाली टेकवला तो घोट्यापर्यंत आत, वर काढला तर बुटाखाली भाकरीएवढी माती, पेडलला अडकवायची क्लीट कुठे आहे ते शोधायला लागेल अशी. सायकल खांद्यावर घ्यायला उचलली तर भरलेल्या गॅस सिलिंडरची आठवण झाली. दहा पावलं, खाली ठेवा, उकरा, परत दहा पावलं.

पुढे मागे सगळे असेच. टायट्स घातलेली, गॉगल लावलेली, लाख-दीड लाखाच्या सायकली डोक्यावर घेतलेली माणसं एका रांगेत शिवारातून मुकाट चाललेली, लांबून बघणाऱ्याला कसली मिरवणूक वाटली असेल देव जाणे. तिथे बांधावर गवताचा भारा घेऊन एक आजी उभ्या होत्या. जरा वेळ त्यांनी बघितलं, मग मला म्हणाल्या, "आवं, वापसा न्हाई आला अजून. बैलबी घालत न्हाई आमी."

वाफसा हा शब्द मी शाळेत कधीतरी वाचला असेन, पण कानावर असा पहिल्यांदाच पडला. पाऊस पडून गेल्यावर जमिनीतलं जास्तीचं पाणी निचरतं, आत हवा खेळायला लागते, माती ओलसर पण मोकळी होते, हातात दाबली तर गोळा होतो आणि सोडला तर फुटतो, तो वाफसा. तो आला की मग कुळव, पाभर, काय ते आत घालायचं. त्याआधी रानात पाय घातला तर माती तुडवली जाते, तिची ढेकळं होतात आणि वर आपली फजिती. बेसाल्ट झिजून झालेली ही आपली काळी माती, तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आक्रसते, म्हणून उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हे सगळं नंतर घरी बसून वाचलं. आजींनी एका वाक्यात सांगितलं होतं, तेही फुकट.

आता गंमत पुढची. आमच्यातले डॉक्टर तोच पट्टा आमच्या आधी सव्वा तास, पावणेआठला पार करून गेले होते, आणि त्यांच्या मते चिखल बिखल काही विशेष नव्हता, आम्ही उगाच रडतोय. आधी वाटलं फुशारकी मारतायत. पण खरं आहे ते, सकाळी माती पातळ होती, बासुंदी, पातळ चिखल अंगावर उडतो पण चाकाला धरून बसत नाही. आम्ही पोचलो नऊला, तोवर लख्ख ऊन पडलेलं, आणि बासुंदीची रबडी, रबडीचा खवा झालेला. म्हणजे डॉक्टरांनी आणि मी एकाच रस्त्यावर दोन वेगळ्या रेस केल्या. अर्थात डॉक्टर सव्वा तास पुढे होते ते चिखलामुळे नाही, ते माझ्या पोटामुळे, पण हे मी टेबलावर बोलत नाही.

सीए साहेबांनी मात्र जिद्द दाखवली. उतरायचंच नाही म्हणाले, आणि हलक्या गिअरवर जीव खाऊन पेडल मारलं. माती चेनमधून आरडीत, म्हणजे मागचे गिअर बदलणाऱ्या यंत्रात गेली, आरडी अडकली, ती फ्रेमला धरून ठेवणारा हँगर कट्कन मोडला आणि सगळं लटांबर स्पोकमध्ये. तो आवाज मी वीस फुटांवरून ऐकला, कोणीतरी ऊस मोडल्यासारखा. त्यांचं म्हणणं आयोजकांनी फी परत करायला पाहिजे. मला फीचं काही नाही, पण एक गोष्ट खरंच डोक्यात बसली आहे की रूट आखणाऱ्यांनी सॅटेलाइट बघितलं, चढ-उताराचा ग्राफ काढला, हवामानाचं अॅप बघितलं, आणि त्या शिवारातल्या एकाही माणसाला सकाळी फोन करून विचारलं नाही की दादा, रान कसं आहे आज.

आणि सर. सर आमच्यात सगळ्यात मोठे, एकसष्ट वय, शाळेतून रिटायर झालेले, जुनी स्टीलची एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, कार्बन वगैरे भानगड नाही. सर त्या चिखलात उतरलेच नाहीत. ते मूळचे इंदापूरकडचे, वळण आल्या आल्या त्यांनी माती बघितली, सायकल उचलली आणि सरळ बांधावर चढले, हराळीवरून चालत गेले, वाटेत त्या आजींशी पावसापाण्याचं बोलले, पलीकडे जाऊन सायकल खाली ठेवली आणि निघाले. बांध आमच्यापासून पंधरा फुटांवर होता. आम्ही जीपीएसवरची जांभळी रेघ सोडली नाही, कारण रेघ तिथून जात होती ना.

क्लबातला सगळ्यात लहान आहे तो यूट्यूबवर सगळ्या जगाच्या रेस बघत असतो, त्याच्यामुळे कळलं की हे दुःख आपलं एकट्याचं नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया म्हणून गाव आहे, तिथे अनबाउंड नावाची ग्रॅव्हल रेस होते, 2006 साली पहिल्यांदा झाली तेव्हा 34 जण होते, आता जगातून लोक येतात. मुख्य रेस 200 मैल, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास किलोमीटर. 2023 ला तिथे सुरुवातीच्या दहा-अकरा मैलांतच असा चिखल लागला की भले भले प्रो लोक सायकली खांद्यावर मारून चालत होते, आणि बऱ्याच जणांनी खिशात रंग ढवळायची चपटी लाकडी पट्टी ठेवली होती, चाकाची माती खरवडायला. तिथला डोंगर चुनखडीचा, आपला बेसाल्टचा, पण दोघांना चिखल मात्र सारखाच. पट्टीचं ऐकून सर म्हणाले, "त्यापेक्षा घरचं उलथनं बरं." यावर अर्धा तास चर्चा झाली, स्टीलचं की लाकडी, लाकडानं फ्रेमला ओरखडे पडत नाहीत वगैरे, आणि प्रत्येकाच्या घरून उलथनं घेऊन निघायची परवानगी मिळेल का हा मुद्दा अनिर्णित राहिला.

मी शेवटून चौथा आलो. येताना गावातल्या वॉशिंग सेंटरवर सायकल धुतली, तिथला पोरगा माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "काका, आधी सायकल का आधी तुम्ही?" पन्नास रुपये घेतले. जोरात पाण्याचा फवारा मारल्यानं बेअरिंगमध्ये पाणी गेलं असणार, कारण तेव्हापासून चढावर बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या आसाचं बेअरिंग, कटकट करतंय. बोपदेवलापण करत होतं.

तर, मिसळ. परवा आमच्यात एक नवीन मुलगी आली होती, पहिलीच राइड तिची. सीए साहेब तिला सांगत होते की साडेचार किलोमीटर, साडेचार, आम्ही सायकली डोक्यावर घेऊन चाललो. दिवाळीआधी हे तीन होतं. रेसच्या दिवशी जेवताना दोन होतं. माझ्याकडे घड्याळाची जीपीएस फाइल आहे, मी घरी गेल्या गेल्या मोजलं होतं: 1.7 किलोमीटर, 52 मिनिटं. कोणाला दाखवलेलं नाही. सर बहुतेक ओळखून असावेत, ते पावाचा तुकडा रश्शात बुडवत खाली बघून हसत होते.

"खरंच साडेचार?" तिनं नेमकं मलाच विचारलं.

सीए साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांचा हँगर 1800 ला पडला होता, लेबर वेगळं.

"साडेचार नसेल," मी म्हणालो, "पण चार तरी असेलच."