पळताना मांड्या काचतात त्यांच्यासाठी

काल आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीने विचारलं, लाँग रननंतर मांड्या एवढ्या काचतात की दोन दिवस धड चालता येत नाही, काय लावू? मला लगेच माझी पहिली साताऱ्याची हाफ मॅरेथॉन आठवली. यवतेश्वरचा घाट चढताना पाऊस, कपडे अंगाला चिकटलेले, पण मजा येत होती, मग उतारावर स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या इलॅस्टिकपाशी चुरचुरायला लागलं आणि नक्की किती सोलवटलंय ते कळलं लॉजवर अंघोळीचं गरम पाणी अंगावर पडलं तेव्हा. डोळ्यातून पाणीच आलं.

ओली कातडी जास्त घासली जाते, त्यात घाम वाळला की मागे मीठ राहतं ते अजून खरवडतं. म्हणून पावसाळ्यात आणि मुंबईच्या दमट हवेत हा त्रास जास्त.

मी आता कपडे घालायच्या आधीच व्हॅसलिन लावते, मांड्यांच्या आत, काखेत, ब्राच्या पट्टीखाली, आणि हात आखडता घेत नाही. पावडर नको, घामात तिचा लगदा होतो. कॉटनचा टीशर्ट पाणी धरून ठेवतो, तो पळायला नकोच, खाली मांड्या झाकणारी घट्ट शॉर्ट्स घाला. आणि रेसच्या दिवशी मिळालेला नवा टीशर्ट त्याच दिवशी घालून पळू नका प्लीज. पुरुषांनी निपलवर मायक्रोपोर टेप लावावी, फिनिशला छातीवर रक्ताचे डाग आलेले लोक मी पाहिलेत.

काचलंच तर कोमट पाणी, सौम्य साबण, टॉवेलने घासायचं नाही, नुसतं टिपायचं, मग व्हॅसलिनचा थर आणि घरी सैल कॉटन. डेटॉल, स्पिरिट लावू नका, आधीच सोललेल्या कातडीची अजून आग होते.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते, मेडिकलवाल्याला विचारून खाजेची ट्यूब आणू नका. त्यातल्या बऱ्याच क्रीममध्ये स्टेरॉइड असतं, दोन दिवस बरं वाटतं पण ते गजकर्ण असेल तर अजून पसरत जातं आणि मग महिनोन्‌महिने हटत नाही. काचलेलं आग आग होतं आणि पळणं थांबवलं की काही दिवसांत भरतं, पण खाज सुटत असेल, कडेने गोल लाल चट्टा वाढत असेल तर सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा. पू, सूज किंवा ताप असेल तर त्याच दिवशी.

आणि जखम ओली असेपर्यंत पळू नका, रविवारचा लाँग रन बुडाला तरी चालेल.