बिलावरचे काका

आमच्या घराचं लाइट बिल आजही ज्यांच्या नावाने येतं त्या गृहस्थांना मी कधी पाहिलेलं नाही. मी काय, सासूबाईंनीही नाही पाहिलं. सासरे १९७८ साली पागडी देऊन या वाड्यात आले, शुक्रवार पेठेत, मंडईच्या मागच्या बाजूला, दोन खोल्या आणि वर माळा, तेव्हा मीटर त्या गृहस्थांच्या नावावर होतं ते राहिलंच. नाव बदलायचा फॉर्म दोनदा आणला, एकदा तर भरलाही. आता घरात त्यांना बिलावरचे काका म्हणतात. काकांचं बिल आलं का, काकांचं भरलं का, असं. खरं नाव इथे लिहीत नाही, नातवंडं असतील कुठेतरी.

तर परवा दुपारी सुतार आला होता फडताळाचं दार बसवायला, ते पावसाळ्यात फुगतं आणि मग लागतच नाही. दाराला आतून सासऱ्यांनी कधीतरी सनमायका ठोकलेला, तो त्याने उचकटला आणि म्हणाला, ताई, इथं कायतरी लिव्हलंय.

दुधाचा हिशेब होता. अख्ख्या दारावर. कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेला, ती ओली झाली की जांभळी उमटते ना, ती. महिन्याचं नाव, खाली तारखा, तारखेपुढे अर्धा शेर, आणि गवळी आला नाही तिथे खाडा. हा शब्द किती वर्षांनी वाचला! आता रतीब ॲपवर असतो, सुट्टी घ्यायची तर बटण दाबायचं, खाडा कोण म्हणतंय.

मला असल्या गोष्टींचं जरा जास्तच आहे, मान्य आहे. मूळ साताऱ्यातलं. आजोळी सगळ्या भांड्यांवर नावं घातलेली असायची आणि मला अक्षरं आली ती शाळेत नाही, जेवताना वाटीच्या काठावर आली. त्यातली निम्मी नावं आमच्या घरातली नसायचीच. कुणाच्या मुंजीत आलेलं तांब्याभांडं, कुणाच्या स्मरणार्थ वाटलेल्या वाट्या, लग्नाच्या गडबडीत अदलाबदल होऊन आलेलं एक पातेलं. आजी वाढताना म्हणायची, तुला सोलापूरवाल्यांची वाटी दिलीय हं, सांडू नकोस. मला वाटायचं ते सोलापूरवाले येतील एक दिवस वाटी मागायला, म्हणून मी ती चाटूनपुसून स्वच्छ करून ठेवायचे. आले नाहीत कोणी. अजूनही दुसऱ्यांच्या घरी गेले की ताट उलटं करून नाव बघते, नवरा वैतागतो.

असो, दार. तर खाली डाव्या कोपऱ्यात एक हिशेब आण्यांचा, म्हणजे १९५७ च्या आधीचा, कारण त्या वर्षी १ एप्रिलला नवे पैसे आले. मग मधे काही महिने नुसतीच गणितं, आण्यांचे पैसे करून बघितलेले आणि खोडलेले (सहा आण्यांचे ३७, की ३८?). मग सरळ न.पै. चालू. माणूस नवीन काही आलं की आधी दारामागे जाऊन करून बघतो हे बघून मला बिलावरच्या काकांबद्दल एकदम प्रेमच वाटलं. काका असतील असं धरून चाललेय, काकूही असतील. अक्षर बायकी वाटतं असं सासूबाईंचं मत.

हा माग काढायचा तर काढायचा कुठे? सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड मी मागे एकदा पाहिलंय, त्यावर मालक असतात, त्यांच्या वारसांचे फेरफार असतात, भाडेकरू नसतो. चाळीस वर्षं राहिलेला असला तरी नाही. म्हणून खाली माईंकडे गेले, मालकीणबाई, ऐंशी पार आहेत पण खणखणीत. त्या म्हणाल्या, त्या बिऱ्हाडाचं काय विचारतेस, आमचा खलबत्ता नेला तो नेलाच. बाकी काही आठवत नाही त्यांना. पितळी होता, जड होता, सासूबाईंच्या माहेरचा होता, हे सगळं आठवतं.

परत वर आले आणि दार भिंतीला टेकवून नीट वाचत बसले. वरती एका चौकटीत 'सन ६१' लिहिलंय. जुलै. एक ते बारा, रोज अर्धा शेर. तेरापासून खाडा. चौदा खाडा, पंधरा खाडा, असे ओळीने एकोणीसपर्यंत.

१२ जुलै १९६१ म्हणजे पानशेत, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. त्या सकाळी धरण फुटलं, गवळी त्याच्या आधी पहाटेच येऊन गेला असणार, म्हणून बाराचं दूध मांडलेलं आहे. आमच्या या भागात पाणी आलं नव्हतं, नदीकाठच्या पेठा गेल्या, नारायण, शनिवार. इथे नुसतं दूध आलं नाही आठवडाभर.

वीस तारखेला दूध परत सुरू होतं. पण अर्धा शेर नाही. दीड शेर. एकवीस, दीड शेर. अख्खा ऑगस्ट दीड शेर. सप्टेंबरात दहा तारखेपर्यंत दीड, आणि अकराला परत अर्धा.

दोन खोल्या आहेत हो या. आम्ही चौघं राहतो तर सकाळी एकमेकांच्या अंगावर पाय पडतात.

माईंना परत जाऊन विचारलं, पुरात वरच्या बिऱ्हाडाकडे कोण राहायला आलं होतं? त्या म्हणाल्या, मी अडुसष्टला लग्न होऊन आले गं, मला काय माहीत. आणि मग थोडं थांबून, लहान मुलं असतील, त्याशिवाय एवढं दूध कशाला लागेल.

सुतार विचारतोय, रंधा मारून घेऊ का. त्याला म्हटलं आज राहू दे, उद्या ये. तो म्हणाला उद्या खाडा, गावाला चाललोय.